खडप की कडा? कॅमेरा घेऊन निघण्याआधी

गणपती उठले की मला दरवर्षी कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतंच: चार दिवसांची रजा आहे, कॅमेरा नवा आहे, तर कोकणात समुद्रावर यावं की घाटमाथ्यावर जावं? मी चिपळूणला राहतो. गाडी पश्चिमेला वळवली की गुहागर, पूर्वेला वळवली की कुंभार्ली घाट. दोन्ही सारखंच जवळ, म्हणून माझं मत तटस्थ असेल असा लोकांचा समज असतो. तो फारसा खरा नाही, पण माझा कल शेवटी सांगतो. आधी दोन्हीकडचा हिशेब मांडतो.

खरा फरक देखाव्यात शोधू नका. घाटमाथ्याचा काळा दगड आणि हेदवीच्या किनाऱ्यावरचा काळा दगड एकाच बसाल्टच्या घरातला. फरक आहे तो वेळेचा. किनारा पंचांगावर चालतो. घाटमाथा ढगांच्या मर्जीवर चालतो. तुमची रजा आधी मंजूर करून घ्यावी लागते की शुक्रवारी रात्री मनात आलं की निघता येतं, यावर निम्मा निर्णय होऊन जातो.

तिथीची पाऊणपट

किनाऱ्यावरच्या फोटोचं अर्धं काम घरी बसून होतं. भरतीची वेळ काढायची आमच्याकडची जुनी रीत म्हणजे तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि रात्री पुन्हा तीनच्या पुढे. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा पाऊण-एक तास उशिरा.

आता हे सूर्यास्ताशी जुळवून बघा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला उधाण असतं, पाण्याला जोर सगळ्यात जास्त, पण ते पाणी वर येतं ऐन दुपारी, डोक्यावर ऊन असताना. संध्याकाळी सहाला त्याच दिवशी खोल ओहोटी असते. खडपं, म्हणजे किनाऱ्याचे खडक, उघडी पडतात, डबक्यांत आकाश उतरतं, ओल्या वाळूचा आरसा होतो. म्हणजे प्रतिबिंबं हवी असतील तर पौर्णिमा-अमावास्येची संध्याकाळ. उलट अष्टमीला पाणी सूर्यास्ताच्या वेळी बरोबर खडकाला येऊन भिडतं, पण तेव्हा भांग असते, म्हणजे उधाणाच्या उलट, भरतीत दम नसतो. लाटा खडकाला लागतात, फुटत नाहीत. उंच उडणारं पाणी आणि तिरपं ऊन ही दोन्ही एकाच दिवशी पाहिजेत म्हणणाऱ्याने पौर्णिमेनंतरची तृतीया, चतुर्थी, पंचमी धरावी. उधाणाचा जोर अजून शिल्लक असतो आणि भरती दुपारी कललेल्या उन्हात येते.

दक्षिणेकडे, म्हणजे रत्नागिरी-मालवणच्या बाजूला, भरती मुंबईच्या थोडी आधी येते आणि भरती-ओहोटीतलं अंतरही कमी होत जातं. त्यामुळे नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यातच बघा. पाऊणपटीचा हिशेब रजा कुठल्या आठवड्यात टाकायची एवढं ठरवायला पुरतो.

घाटमाथ्यावर असलं काहीच करता येत नाही. उपग्रहाची चित्रं बघा, हवामानाची तीन ॲप लावा, आणि हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पोचल्यावर पांढऱ्या धुक्यात स्वतःचे बूट दिसेनासे होतील. मी श्रावणात हरिश्चंद्रगडावर दोन रात्री काढून एकही फोटो न काढता उतरलो आहे. आणि एकदा भाद्रपदात, अगदी निघायच्या बेतात असताना, सकाळी धुकं कड्याखाली बसलं, पाठीमागून ऊन आलं आणि खाली माझीच सावली, तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य. इंद्रवज्र म्हणतात ते हेच. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून सूर्य पूर्वेला खाली आणि धुकं दरीत, अशी सकाळच लागते. ते जेमतेम दोन-तीन मिनिटं टिकलं. किनाऱ्यावर असा जॅकपॉट नाही. तिथे मिळतो तो पगार.

ऋतू कुठला कुणाचा

जून-जुलैमध्ये किनाऱ्याला जाऊ नका असं मी सरळ सांगतो. समुद्र मातकट, फेसही तपकिरी, आणि खाऱ्या पाण्याची फवार एवढी की लेन्स पुसून कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत ती पुन्हा आंधळी. मासेमारी बंद असते, जंजिऱ्याला आणि सिंधुदुर्गाला जाणाऱ्या होड्याही बंद. हां, कृष्णधवल काढणाऱ्याला मात्र हाच मोसम. झापांनी शाकारलेल्या होड्या, रिकामी पुळण (वाळूचा किनारा), राखाडी आकाश. रंगांची हौस असलेल्याने मात्र थांबावं.

त्याच काळात घाटमाथा अंगात आलेला असतो. नाणेघाटात कोकणातून वर चढणारा वारा धबधब्याचं पाणी उलटं फेकतो, आणि पाऊस खालून वर लागतो. छत्री तिथे निव्वळ विनोदी वस्तू. ट्रायपॉड उभा राहत नाही, बॅग लटकवून वजन दिलं तरी नाही. हातातच कॅमेरा धरून सेकंदाच्या पाचशेव्या भागात किंवा त्याहून जलद काढा, थेंब हवेत गोठतात आणि उलटा प्रवाह कळतो. शटर लांबवलंत तर नुसता पांढरा पट्टा येतो, पाणी वर चाललंय की खाली हे ज्याने काढला त्यालाही पुढे आठवत नाही.

त्याच्याही आधी, मेच्या शेवटापासून जूनच्या पहिल्या सरींपर्यंत, भंडारदऱ्याच्या झाडांवर काजवे असतात. ही एक गोष्ट किनाऱ्याकडे नाही. पण गर्दी फार, आणि गाड्यांचे दिवे फोटो खातात. जायचंच तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, बॅटरीवर लाल कागद लावा आणि फ्लॅश घरी ठेवा. एका लांब शटरमध्ये सगळं मिळत नाही. ट्रायपॉड न हलवता पंधरा-वीस सेकंदांचे बरेच फोटो काढून ते नंतर एकावर एक चढवतात.

सप्टेंबरमध्ये दोघांची खरी स्पर्धा. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलं, पण २०१२ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आणि आता तिथे नाव नोंदवून, ठरलेल्या वाटेवरून चालायचं असतं. फुलांत आडवं होऊन फोटो काढण्याचे दिवस गेले, आणि गेले ते बरंच झालं. कारवीच्या झुडपांचा बहर बघायला जाणाऱ्याने वर्ष मोजून जावं. सह्याद्रीत बऱ्याच ठिकाणी ती २०१६ आणि २०२४ साली फुलली, म्हणजे आठ वर्षांचा फेरा. लोकांना एक ठाऊक नसतं, की याच दिवसांत राजापूर-रत्नागिरीच्या जांभ्या सड्यांवरही, म्हणजे कातळाच्या सपाट माळांवरही, फुलं असतात, कड्याच्या टोकापर्यंत हिरवं असतं आणि खाली समुद्र निवळायला लागलेला असतो. तांबडा जांभा, हिरवं गवत, निळं पाणी. कशेळीच्या देवघळीला, म्हणजे कड्याखालच्या छोट्या किनाऱ्याला, वरून उभं राहून बघा. तिथल्याच सड्यावर कातळात खोदलेला भलामोठा हत्ती आहे. कातळशिल्पांचा फोटो सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर काढायचा. दुपारी रेषा सपाट होऊन नाहीशा होतात. रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत खडू-चुना भरणारी मंडळी असतात, त्यांच्यातले होऊ नका.

नोव्हेंबर ते जानेवारी घाटमाथ्यावर गवत सोनेरी होतं आणि पहाटेची हवा स्वच्छ असते. एकामागे एक डोंगररांगा पाहिजेत तर हेच महिने, आणि त्यासाठी रुंद लेन्स नको, दूरचं जवळ आणणारी सत्तर-दोनशेची लेन्स न्या. कळसूबाई १६४६ मीटर, त्यावरून पहाटे अलंग-मदन-कुलंग हे किल्ले जसे दिसतात तसे भर दिवसा दिसत नाहीत. किनाऱ्यावर हेच दिवस मवाळ असतात. लाटा छोट्या, पुळणीवर कुरवांचे थवे, आणि क्षितिजावर धुरकट पट्टा. सूर्य पाण्याला टेकण्याआधीच त्या पट्ट्यात विरघळतो. शिवाय हिवाळ्यात तो नैऋत्येला सरकलेला असतो. जूनमध्ये पश्चिमेच्या उत्तरेला सुमारे २५ अंश, डिसेंबरमध्ये दक्षिणेला तेवढाच. मित्राने मेमध्ये काढलेला फोटो बघून तुम्ही जानेवारीत त्याच खडकावर बसलात, तर सूर्य टेकडीमागे गेलेला सापडेल.

फेब्रुवारीनंतर घाटमाथा मी सोडून देतो. पळस, पांगारा, सावर यांच्यासाठी एखादी चक्कर, बाकी वणव्याचा धूर आणि करपलेलं गवत. एप्रिलमध्ये किनाराही दुपारी पांढराफटक. पण मेच्या शेवटच्या आठवड्यात वळवाचे ढग समुद्रावर उभे राहतात, तेव्हा जे आकाश मिळतं ते वर्षात दुसऱ्या कुठल्या महिन्यात मिळत नाही.

पैसे कुठे बुडतात

कॅमेऱ्याचं नुकसान दोन्हीकडे होतं, फक्त तऱ्हा वेगळी. घाटमाथ्याचा शत्रू सावकाश मारतो. एकदा पावसातून आल्यावर ओली बॅग तशीच बंद करून पंधरा दिवस माळ्यावर टाकली. उघडली तेव्हा लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. दुरुस्तीच्या पैशांत दुसरी जुनी लेन्स आली असती. आता घरी आलो की सगळं पंख्याखाली उघडं, मग सिलिका जेलच्या डब्यात.

समुद्र एका क्षणात मारतो. हेदवीच्या बामणघळीवर ही शिकवणी मला मिळाली. खडकाला उभी चीर आहे, भरतीचं पाणी त्यात घुसतं आणि कोंडून वर उडतं. मी दोनच्या सुमाराला पोचलो, एक कोरडा, ऐसपैस दगड बघून बॅग ठेवली आणि ट्रायपॉड लावत बसलो. खाली एक बाई कालवं फोडत होती. ती निघता निघता म्हणाली, “दादा, दगड सुका हाय म्हनून बसू नका. आज चतुर्थी हाय.” मी हसून मान डोलावली. वीस मिनिटांनी एक लाट आली, आधीच्या सगळ्या लाटांच्या डोक्यावरून, आणि बॅग उचलून डबक्यात घालून गेली. त्या लेन्सची झूमची कडी आजही फिरवताना कुरकुरते. तेव्हापासून मी दगडाची ओल बघत नाही. कालवांचा थर आणि काळा पट्टा कुठवर चढलाय ते बघतो. पाणी तिथवर येतंच.

म्हणून खडपात उतरण्याआधी पंधरा-वीस मिनिटं नुसतं उभं राहून बघा, आणि समुद्राकडे पाठ करून फोटो तपासत बसू नका. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर माणसं वाहून गेली आहेत. त्या खडकांची जाळीदार नक्षी मोहात पाडते, पण भरतीत तिथे जायचं नाही. घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय उघडून गोड्या पाण्याने धुवा. लेन्सवरची खार कोरड्या फडक्याने घासू नका, आधी ओल्याने टिपा. वाळूत ट्रायपॉड रोवलात तर परतणारी लाट पायाखालची वाळू नेते आणि फोटो हलतो. आधी तो दाबून बसवा, मगच शटर. परतणाऱ्या पाण्याच्या रेघा अर्ध्या ते एक सेकंदात छान येतात. तीस सेकंद ठेवलंत की समुद्राचं दूध होतं. ते मला आवडत नाही, पण लोकांना आवडतं.

मग कुणी कुठे

बरोबर आईवडील किंवा लहान मुलं असतील तर विचारच करू नका, किनारा. तुम्ही पाच वाजता खडपात असता तेव्हा ती गुहागरच्या पुळणीवर असतात, आणि रात्री सगळ्यांना एकाच ताटात घावणे मिळतात. हरिश्चंद्रगडाला पाचनईची वाट सोपी असली तरी पाठीवर ट्रायपॉड आणि पाणी घेऊन ती चढायची असते, आणि वर मुक्कामाचे वन विभागाचे नियम आधी विचारून घ्यावे लागतात. पुण्या-नाशिकला राहणाऱ्या, एकट्याने फिरणाऱ्या, हात हलवत परत यायची तयारी असलेल्या माणसाला मी घाटमाथाच सांगेन. त्याला वर्षात आठ-दहा फेऱ्या जमतात, त्यांतली एक लागते, आणि ती लागली की बाकीच्या विसरायला होतात. फक्त मोबाइलवर काढणाऱ्यालाही घाटमाथाच बरा. खारी हवा मोबाइलची लेन्स दर मिनिटाला धूसर करते आणि लाटेचा नेमका क्षण पकडायला तो जरा आळशीच पडतो.

मुंबईहून वर्षातून एकदाच, ठरवून, चार दिवस येणाऱ्याला माझं उत्तर कोजागरीनंतरची चतुर्थी. आकाश धुतलेलं असतं, सड्यावरचं गवत नुकतं पिवळं पडायला लागलेलं असतं. दुपारी अडीचला बामणघळीच्या वरच्या अंगाला, काळ्या पट्ट्याच्या वर उभे राहा. तीनच्या आसपास पाणी उडेल. मग चहा पिऊन या. सहाला त्याच खडपात पाणी अर्धं उतरलेलं असेल, ओले दगड तांबूस चमकत असतील, आणि डबकी नुकतीच भरून राहिलेली असतील.