मंगळवार पेठेतलं शाळेजवळचं वह्यांचं दुकान

वह्या, कंपासपेटी, खाकी कव्हरं, कार्डशीट सगळं मिळतं. भाव बाजारासारखेच. तरी मी पैकीच्या पैकी गुण देते, ते दुकानाच्या जागेसाठी.

जेमतेम १० फुटांचं दुकान, पुढं दगडी कट्टा. एका बाजूला पिठाची गिरणी, दुसरीकडं शिंपी, वर बिऱ्हाडं. शाळा सुटली की पोरं चालतच येतात. दुकानदार काका आलेखवही मोजतामोजता ओरडतात, "ए बाळ, थांब, गाडी जाऊ दे आधी!" लेकीकडं दोन रुपये कमी पडले तर "उद्या दे" म्हणाले. तिला एकटीला पाठवायला मला भीती वाटत नाही.

आमच्या नातेवाइकांच्या उपनगरात शाळेची नुसती लांबच लांब भिंत आहे. फूटपाथ नाही, दुकान नाही. साध्या खोडरबरासाठी गाडी काढायची. पेठेत तेवढ्याच लांबीच्या रस्त्यावर आणि जलवाहिनीवर कितीतरी घरं-दुकानं घरफाळा भरतात, म्हणून दुरुस्तीचा खर्च वाटला जातो. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. आजचे शिक्षण हक्काचे नियमही पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत असावी म्हणतात. पण तो किलोमीटर पोराला चालता यायला हवा ना!

एकच तक्रार: कट्ट्यापुढं दुचाक्या लावतात, मग पोरांना रस्त्यावर उतरावं लागतं. महापालिकेनं तिथं चालायला पट्टा आखून द्यावा. मोठ्यांनी खरेदीला दुपारी जावं, शाळा सुटताना काउंटर पोरांसाठी मोकळा ठेवावा.