तांबी की दंडातली काडी? साखरेची भीती असेल तर

गरोदरपणात माझी साखर वाढली होती आणि घरी आईला मधुमेह. त्यामुळे बाळंतपणानंतर कोणतं गर्भनिरोधक साधन जास्त खात्रीचं, गर्भाशयात बसवायची तांबी (कॉपर-टी) की दंडात कातडीखाली बसवायची काडी (इम्प्लांट), यावर मी डोकं चालवलंच नाही. दोन्ही खात्रीचीच आहेत. साखरेच्या वाटेला कोण जात नाही, एवढंच बघायचं होतं.

कागदावर तांबी जिंकते. तिच्यात हार्मोनच नाही. इम्प्लांटच्या काडीत ६८ मिलिग्रॅम इटोनोजेस्ट्रेल हे प्रोजेस्टोजेन जातीचं हार्मोन असतं, ते तीन वर्षं हळूहळू झिरपतं. प्रोजेस्टोजेनमुळे शरीर इन्शुलिनला जरा कमी दाद देतं, मग स्वादुपिंड थोडं जास्त इन्शुलिन सोडतं. निरोगी बाईची साखर तरीही बहुतेक हद्दीतच राहते. सहा नळ्यांच्या जुन्या नॉरप्लांट या इम्प्लांटपासून साधारण हेच दिसत आलंय. पण 'थोडं' हा शब्द मला खुपला आणि सांगलीला असतानाच मी तांबी बसवली.

पाळीत माझ्या अंगावरून आधीच जास्त जायचं. तांबीनंतर आठ-आठ दिवस. पुढे आम्ही इंग्लंडात लेस्टरला आलो. गरोदरपणात साखर वाढलेल्या बायकांची इथे दरवर्षी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करतात. माझी आली ६.१. मी भात सोडला, चहातली साखर सोडली, घरात सगळ्यांवर चिडचिड केली. ग्लुकोमीटर मात्र रोज सकाळी ९२-९३च दाखवायचा! तीन महिन्यांनी एका नर्सबाईंनी हिमोग्लोबिन बघितलं, तर ९.२. लोह कमी पडलं की साखर न वाढताही एचबीएवनसी चढलेली दिसू शकते, हे मला तेव्हा कळलं. साखरेला हात न लावणारी तांबी माझा रिपोर्टच बिघडवून बसली होती.

तांबी काढली, लोहाच्या गोळ्या घेतल्या, दंडात काडी बसवली. वर्षाने एचबीएवनसी ५.७. उपाशीपोटीची साखर चार-पाच अंकांनी वर गेलीय खरी. त्यातली काडीची किती आणि दिवाळीच्या फराळाची किती, देव जाणे. पहिले पाच महिने कधीही डाग पडायचे, पर्समध्ये पॅड ठेवल्याशिवाय बाहेर पडायची सोय नव्हती. कुणाकुणाचा हा त्रास शेवटपर्यंत जात नाही म्हणतात.

तुमची पाळी हलकी असेल, हिमोग्लोबिन बाराच्या वर असेल, तर तांबी बसवून निवांत राहा. मधुमेह डोळ्यांपर्यंत किंवा मूत्रपिंडापर्यंत पोचला असेल तर तांबीचंच पारडं जड, आणि हा निर्णय डॉक्टरांबरोबरच घ्यावा. तीन महिन्यांच्या गर्भनिरोधक इंजेक्शनकडे मी वळले नाही, कारण टोचलेलं परत काढता येत नाही. काडीचं तसं नाही. आकडे चढायला लागलेच, तर बारीक चिरेतून ती बाहेर येते आणि आठवड्याभरात शरीरातून तिचं औषधही जातं.

मार्चमध्ये माझ्या काडीला तीन वर्षं होतील. नवी बसवायची वेळ घेऊन ठेवलीय. तोवर दर सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन मात्र मी स्वतःहून मागून करून घेते.