श्रमदान, तासांची वही की विषयाला जोडलेलं काम : शाळेनं काय निवडावं?

जूनमध्ये शाळा व्यवस्थापन समितीची पहिली बैठक बसली की कुणीतरी म्हणतंच, "यंदा पोरांकडनं समाजसेवेचं कायतरी करून घेऊ." सगळ्यांना पटतं. अडतं ते त्याच्या पुढं. करायचं काय, कुणी आणि कोणत्या तासाला? सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात मी २१ वर्षं गणित आणि भूगोल शिकवते आहे. या काळात तीन वाटा चालून पाहिल्या: श्रमदानाचा दिवस, सेवेचे तास मोजणारी वही आणि विषयाच्या तासिकेतूनच गावासाठी केलेलं काम. तुमच्या शाळेत यंदा हा निर्णय व्हायचा असेल, तर मला दिसलेलं बरं-वाईट इथं मांडते. माझा कल तिसऱ्या वाटेकडं आहे, हे आधीच सांगते. पण ती प्रत्येक शाळेला झेपेल असं नाही.

"हे आमच्याकडं आधीपासूनच आहे"

आपल्या भागात हे वाक्य हमखास ऐकू येतं, आणि त्यामागचा अभिमान खरा आहे. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ साली साताऱ्यात शाहू बोर्डिंग उभं राहिलं, सगळ्या जातींची मुलं तिथं एकत्र राहिली, जेवली. 'कमवा आणि शिका'नं कित्येक घरांना पहिला पदवीधर दिला. पण तिथं मुलगा राबत होता तो स्वतःच्या शिक्षणासाठी. त्यातून कष्टाची लाज गेली, स्वावलंबन आलं. सेवेतून शिकणं ही थोडी वेगळी गोष्ट आहे. त्यात गावाची एखादी खरी गरज हातात घ्यायची, ती भागवताना वर्गात शिकलेलं वापरायचं, आणि काम झाल्यावर त्यावर विचार करायचा. या दोन्ही गोष्टी एकच धरल्या की मुलांच्या हातात खराटा दिला म्हणजे भागलं, असं वाटायला लागतं.

सरकारी कागदांची अडचण कधीच नव्हती. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानं सर्व टप्प्यांवर समाजसेवा शिक्षणाचा भाग असावी असं सांगितलं. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीनं समाजोपयोगी उत्पादक कार्य पुढं आणलं. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत. परवानगी आहेच, वेळापत्रकात जागा कोण काढतं एवढाच प्रश्न आहे.

श्रमदानाचा दिवस

सगळ्यात सोपी वाट हीच. खर्च जवळजवळ नाही, सगळी शाळा एकाच दिवशी बाहेर पडते, गावाला ते दिसतं. गाव स्वतः कंबर कसून उभं असेल तर या दिवसाला फार किंमत येते. २०१६ च्या पहिल्या वॉटर कपमध्ये, म्हणजे गावांनी श्रमदानातून पाणी अडवण्याच्या स्पर्धेत, कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं. अशा गावात मोठी माणसं माती उचलत असताना मुलानं चार घमेली वाहिली, तर ते त्याच्या जन्मभर लक्षात राहतं.

गाव उभं नसेल तर काय होतं, हे माझ्याच हातून घडलं. एका २ ऑक्टोबरला आम्ही दीडशे मुलांना घेऊन गावची पेठ झाडली. दोन तासांत रस्ता लख्ख झाला, फोटो निघाले, मुलांना केळी वाटली. दुसऱ्या दिवशी पेठ झाडणाऱ्या बाई शाळेच्या फाटकाशी आल्या. "बाई, पोरांनी समदं प्लास्टिक वड्यात लोटलंय. म्या आता खाली उतरून काढू का?" कचरा कुठं टाकायचा हे आम्ही मुलांना सांगितलंच नव्हतं. रोज तो उचलणाऱ्या बाईला तर आम्ही विचारलंही नव्हतं. मग आठ मुलांना घेऊन मी ओढ्यात उतरले, त्या बाईही आल्या. कोणता कचरा भंगारवाला घेतो, कोणता घेत नाही, पावसात मोरी कुठं तुंबते, हे त्यांनी बोलता बोलता सांगितलं. आदल्या दिवशी दीडशे मुलांना जे कळलं नाही, ते त्या आठ जणांना तासाभरात कळलं.

म्हणून श्रमदान ठेवायचं असेल तर जरूर ठेवा, पण ते काम कुणी मागितलंय हे आधी विचारा. त्याच जागी महिन्यानं पुन्हा जायची तयारीही ठेवा.

तासांची वही

दुसरी वाट म्हणजे प्रत्येक मुलानं वर्षात अमुक तास सेवा करायची आणि सही आणायची. बाहेरच्या देशांतही ही पद्धत आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात माध्यमिक शाळा उत्तीर्ण व्हायला ४० तासांचं समाजकार्य लागतं, आणि ते मुलानं स्वतः शोधायचं असतं. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात ७५ तास आहेत. पण तिथं आधीची तयारी, प्रत्यक्ष काम आणि नंतरचं चिंतन हे तिन्ही भाग त्यात धरलेले आहेत. आकड्यापेक्षा हा फरक मला मोठा वाटतो. आपल्याकडं राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. तिथं कार्यक्रम अधिकारी असतो, दत्तक गाव असतं, त्यामुळं तासांना आधार मिळतो.

नववीच्या वर्गात आधाराविना नुसती वही ठेवली की दुसऱ्याच महिन्यात सह्या गोळा व्हायला लागतात. ओळखीच्या दुकानदाराची सही, चुलत्याची सही. त्यात मुलांची चूक नाही. आपण तास मागितले, त्यांनी तास आणून दिले. मी ही वही एक वर्ष ठेवली आणि बंद केली. तुमच्या शाळेला कनिष्ठ महाविद्यालय जोडलेलं असेल, तर वेगळी वही काढण्यापेक्षा राष्ट्रीय सेवा योजनेचं युनिट नीट चालवा.

विषयाला जोडलेलं काम

माण-खटावच्या पट्ट्यात पाऊस बेताचा, आणि भरवसा परतीच्या पावसावर. नववीला जलसुरक्षा हा विषय आहे आणि गणितात सांख्यिकी आहे. दोन्ही पुस्तकं समोर ठेवली आणि आम्ही गावातल्या विहिरी मोजायला घेतल्या. दोरीला दर फुटावर एक गाठ मारायची, टोकाला लोखंडी नट बांधायचा. कठड्यावरून दोरी मी सोडायची, मुलांनी गाठी मोजायच्या. नट पाण्याला लागला की 'डुबुक' आवाज येतो. तिथवरच्या गाठी म्हणजे पाणी किती खाली आहे. मग तळापर्यंत दोरी सोडून वर ओढायची. जेवढी ओली झाली तेवढं पाणी. एका विहिरीत ऑक्टोबरात १८ गाठींवर असलेलं पाणी जानेवारीत २६ वर गेलं, तेव्हा मागच्या बाकावरचा मुलगा आपणहून म्हणाला, "बाई, अशानं मार्चला तळ दिसंल." सरासरी आणि आलेख मला वेगळे शिकवावेच लागले नाहीत.

अडचण आली ती भलतीकडून. एक आजोबा वर्गापर्यंत चालत आले. "माझ्या हिरीचं पाणी गावाला कशापायी दाखवता? टंचाई लागली की तहसीलवाले माझीच हीर ताब्यात घेतील." त्यांचं म्हणणं खरं होतं, उन्हाळ्यात खासगी विहिरी अधिग्रहित होतात. त्यावर वर्गात दोन तास बोलणं झालं. माहिती कुणाची, ती कुणाला दाखवायची, गावाचं भलं आणि एका घराचं नुकसान यांत तोल कसा राखायचा? शेवटी मुलांनीच ठरवलं. तक्त्यावर मालकाचं नाव येणार नाही, फक्त क्रमांक येईल, आणि 'हो' म्हणणाऱ्यांच्याच विहिरी मोजायच्या. नागरिकशास्त्राचा इतका जिवंत तास मी दुसरा घेतलेला नाही.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत मुलींनी तक्ता मांडला. ठराव वगैरे काही झाला नाही. पण सभा उठल्यावर एका पालकानं आपल्याच मुलीला विचारलं, "मग उन्हाळी कांदा लावू का नको?" तिनं वही उघडून त्यांना आलेख दाखवला.

प्रत्येक मोजणीनंतर मुलं अर्धं पान लिहीत. हे अर्धं पान वगळलं तर उरते ती फक्त मोजणी. एकीनं लिहिलं होतं, 'पाणी भरायला आई जाते. मी पाणी मोजायला गेले.' त्यावर मी लाल शाईनं काहीच लिहू शकले नाही.

या वाटेचे काटेही सांगायला हवेत. महिन्याला दोन तासिका आणि एक शनिवार जातो. सगळं एका शिक्षकावर उभं राहतं. माझी निवडणुकीच्या कामावर नेमणूक झाली तेव्हा एक मोजणी हुकली, आणि ती भरून निघाली नाही. बदली झाली की काम थांबायची भीती असतेच. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन शिक्षक ठेवा. कठडा नसलेली विहीर अजिबात घेऊ नका.

सांगलीकडच्या नदीकाठच्या शाळांना विहिरींऐवजी पुराचा विषय घेता येईल. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ फुटांवर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांवर गेली होती. कोणत्या फुटाला कोणत्या गल्लीत पाणी शिरतं, हे मुलांनी उन्हाळ्यापूर्वी घराघरांत विचारून नकाशावर उतरवावं. एकटे राहणारे म्हातारे, बाळंतीण आणि जनावरं आधी कुठून हलवायची, याची यादी ग्रामपंचायतीला द्यावी. काम फक्त कोरड्या दिवसांत, पाणी चढायला लागल्यावर मुलं घरी.

सेवा कुणी कुणाची करायची?

शहरातल्या शाळा वृद्धाश्रमात फळं वाटायला जातात. वाडीवरच्या शाळेतलं मूल सकाळी शेण काढून, पाणी भरून आलेलं असतं. त्याला 'समाजसेवा' म्हणून आणखी झाडायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. त्याला हात वापरायला शिकवायची गरज नाही, त्याच्या वहीला गावात किंमत मिळवून द्यायची गरज आहे. शहरातल्या मुलांचं याच्या उलट आहे, त्यांनी एकाच ठिकाणी वारंवार जावं आणि फळांपेक्षा वेळ द्यावा. हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, जाऊन तिथल्या मुलांबरोबर वाचन करायचं असेल तर हंगामभर जा, आणि मोबाइल शाळेत ठेवून जा.

सातवीपर्यंतच्या दोन शिक्षकी शाळेला मी श्रमदानच सुचवेन, पण एकच जागा धरून. माध्यमिक शाळेनं विषयाला जोडलेलं काम आठवीपासून घ्यावं. दहावीत सुरू केलं तर पालक मध्येच थांबवतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

विहिरींचं काम घेणार असाल तर एवढं करा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तेच महिने धरलेत तर तुमचे आकडे त्यांच्या शेजारी ठेवून पाहता येतील. मे सुट्टीत येतो, त्याची जबाबदारी शाळा उघडी असतानाच एका शिक्षकावर सोपवा. आणि दोरी सुती घ्या. नायलॉनची दोरी ओली कुठपर्यंत झाली ते नीट दिसत नाही.