चेहरा, भूत की नुसतं चिन्ह: पहिल्या अल्बमचं कव्हर ठरवताना

गाणी मिक्स होऊन तयार आहेत आणि बँडमध्ये कव्हरवरून वाद पेटलाय, ही वेळ जवळपास प्रत्येक बँडवर येते. एकाला सगळ्यांचा फोटो हवा असतो, दुसऱ्याला कवटी, तिसऱ्याला काळ्या पार्श्वभूमीवर एखादी आकृती पुरेशी वाटते. या तिन्ही वाटांनी मोठे बँड आधी जाऊन आलेत. त्यांच्या हाती काय लागलं, हे बघून ठरवलेलं बरं.

आधी फोटो. रामोन्सच्या १९७६च्या पहिल्या अल्बमवर चौघंजण विटांच्या भिंतीपाशी उभे आहेत. काळी लेदर जॅकेटं, गुडघ्यावर फाटलेल्या जीन्स, कृष्णधवल छपाई. रॉबर्टा बेलीनं तो फोटो मुळात ‘पंक’ मासिकासाठी काढला होता. बघताना वाटतं, पोरं जशी होती तशीच उभी राहिली. पण नीट पाहा: चौघांचा वेष एकच आहे, आणि आडनावंही त्यांनी एकच लावली होती. त्या बेफिकिरीमागे पक्की शिस्त आहे, म्हणून फोटो आजही जिवंत वाटतो.

द क्लॅशचं १९७९चं ‘लंडन कॉलिंग’ तर मला फोटोच्या वाटेवरचं सगळ्यात धाडसी कव्हर वाटतं. न्यूयॉर्कच्या पॅलेडियम सभागृहात बँडचा पॉल सिमोनन बेस गिटार स्टेजवर आपटतोय, कमरेत वाकलाय, चेहरा दिसतच नाही. फोटो किंचित धूसर आलाय. त्या धूसरपणामुळेच फोटोग्राफर पेनी स्मिथ तो कव्हरवर द्यायला तयार नव्हती. डिझायनर रे लोअरीनं त्यावर गुलाबी आणि हिरव्या अक्षरांत नाव टाकलं, थेट एल्व्हिस प्रेस्लीच्या १९५६च्या पहिल्या अल्बमच्या धर्तीवर. एकाच चौकोनात रॉक अँड रोलची मोडतोडही आहे आणि त्याच घराण्याचा वारसाही. बँड कोण आहे, हे सांगायला आणखी काय लागतं?

फोटोला खर्च कमी, पण धोका मोठा. नव्या बँडमधली माणसं बदलतात आणि कव्हरवरचा बेसिस्ट सहा महिन्यांनी दुसऱ्याच बँडमध्ये वाजवताना दिसतो.

इथे आयर्न मेडनचा एडी कामाला येतो. डेरेक रिग्जनं हे सडक्या कातडीचं भूत बँडशी गाठ पडण्याआधीच रंगवलेलं होतं. बँडच्या सांगण्यावरून त्यानं भुताच्या डोक्यावर केस रंगवले आणि १९८०च्या पहिल्या अल्बमवर एडी आला. पुढे पॉल डिआनो गेला, ब्रूस डिकिन्सन आला. गायक बदलणं म्हणजे बँडचा आवाजच बदलणं, तरी कव्हरवरचा चेहरा तोच राहिला. १९८४च्या ‘पॉवरस्लेव्ह’वर एडी इजिप्तचा फॅरो झाला आणि दौऱ्याचं स्टेजही त्याच थाटात सजलं. २००८च्या फेब्रुवारीत मेडननं मुंबईतून जो जगदौरा सुरू केला, त्याच्या स्टेजची कल्पना याच इजिप्तवरून घेतलेली होती. एका चित्रावर बँडनं इतकी वर्षं काढली!

पण त्यासाठी पुन्हा पुन्हा तेच पात्र नव्यानं रंगवणारा चित्रकार लागतो. रिग्जनं ऐंशीचं दशक जवळपास एकट्यानं ओढलं. तुमच्याकडे असा मित्र असेल तर पात्राची मालकी कुणाची, हे छापण्याआधीच लेखी ठरवा. शिवाय संगीत पुढे हळवं होणार असेल तर हे भूत मानगुटीवर बसतं.

तिसरी वाट चिन्हाची. पिंक फ्लॉइडच्या १९७३च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’वर बँडचं नाव नाही, अल्बमचं नाव नाही. कीबोर्डवादक रिचर्ड राइटनं फोटोऐवजी काहीतरी साधं, नेटकं मागितलं. हिप्नोसिस या स्टुडिओनं लोलक, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करणारी त्रिकोणी काच, सुचवला आणि जॉर्ज हार्डीनं तो रेखाटला. रंग सातऐवजी सहा, पारवा गाळलेला. कव्हर उघडलं की रंगांचे पट्टे आत चालू राहतात आणि त्यातला हिरवा हृदयाच्या ठोक्यासारखा उसळतो. अल्बमची सुरुवातही ठोक्यांनीच होते. इतकं एकजीव काम फार थोड्या कव्हरांवर झालंय.

मात्र नव्या बँडनं याची नक्कल करू नये, असं मी ठामपणे सांगेन. तो फ्लॉइडचा आठवा स्टुडिओ अल्बम होता. नाव न छापण्याची ऐपत त्यांनी आधी कमावली होती.

नवख्यांनी बघावं ते कॅलिफोर्नियाच्या ब्लॅक फ्लॅग या बँडकडे. रेमंड पेटिबॉननं त्यांना चार काळे उभे पट्टे दिले, वरखाली सरकवलेले, म्हणजे फडकणारा काळा झेंडा. नाव चिन्हातच आलं. ते स्प्रेच्या डब्यानं भिंतीवर काढता येत होतं आणि झेरॉक्सच्या पत्रकावरही बिघडत नव्हतं.

आकाराचाही विचार करा. एलपीचं, म्हणजे मोठ्या तबकडीचं, कव्हर जेमतेम ३१ सेंटीमीटरचं, पण मांडीवर घेऊन तासभर बघण्यासारखं. मेडनच्या १९८६च्या ‘समव्हेअर इन टाइम’वर तर अख्खं शहर बारीकसारीक खुणांनी भरलंय. फोनवरच्या नखाएवढ्या चौकोनात ते शहर नाहीसं होतं. लोलक उरतो, वाकलेला सिमोनन उरतो, चार पट्टे उरतात.

पोस्टरचं गणित वेगळं. १९६६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहातल्या कार्यक्रमांच्या पोस्टरांसाठी वेस विल्सननं वितळल्यासारखी अक्षरं काढली. वाचायला थांबावं लागायचं आणि लोक थांबायचे. आज स्क्रोल करणारा थांबत नाही, तेव्हा तारीख आणि जागा ठळकच हवी.

माझा कौल असा: बँडची माणसं पक्की असतील आणि स्टेजवरही तुम्ही तसेच दिसत असाल, तर फोटो. प्रयोगच नाट्यमय असेल आणि चित्रकार हाताशी असेल, तर पात्र. बाकी सगळ्यांनी हातानं काढता येईल असं चिन्ह घ्यावं आणि अल्बमची वाट न बघता ते पुढच्या गिगच्या पोस्टरवर आणि बेस ड्रमच्या दर्शनी बाजूवर लावून टाकावं.