लेआउट मोजायचे तर लँडसॅट की सेंटिनेल-2?

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावाभोवती कपाशीच्या वावरांचे लेआउट, म्हणजे घरांसाठी पाडलेले प्लॉट, होत चाललेत. किती वावर गेलं, हे उपग्रहाच्या चित्रांवरून काढायला बसलो. अमेरिकेचे लँडसॅट आणि युरोपचे सेंटिनेल-2, या दोन्ही उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात.

लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका (पिक्सेल) जमिनीवर 30 मीटर बाजूचा, म्हणजे 900 चौरस मीटर. त्यात दीड हजार चौरस फुटांचे सहा प्लॉट सहज मावतात. दोन घरं, मधली तूर, मुरमाचा रस्ता, सगळ्यांचा एकच करडा रंग! सेंटिनेल-2 चा ठिपका 10 मीटरचा. त्यात लेआउटचे आखलेले रस्ते दिसतात, टिनाचं मोठं गोदाम तर चकाकतंच. शिवाय दर 5 दिवसांनी नवं चित्र. लँडसॅट 8 आणि 9 मिळून 8 दिवस लागतात. पावसाळ्यात ढगांपुढे दोन्ही आंधळे.

खरी फसगत मे महिन्यात होते. पऱ्हाटी उपटलेलं उघडं वावर आणि सिमेंटची वस्ती संगणकाला सारखीच वाटते. माझ्या पहिल्या नकाशात अख्खं शिवार शहर झालं होतं. मग नोव्हेंबरचं चित्र घेतलं. कपाशी-तूर उभी असल्याने हिरवं ते वावर, उरलेलं बरंचसं बांधकाम. तरी धुऱ्यावर जाऊन पाहावंच लागलं.

आजच्या नकाशाला सेंटिनेलच घ्या. पण ते 2015 पासूनचं. 1990 साली गाव केवढं होतं, हे फक्त लँडसॅट सांगेल. उन्हाळ्यात कोणती वस्ती जास्त तापते तेही, कारण उष्णता टिपणारा सेन्सर त्याच्याकडेच आहे.