98 टक्के शुद्ध म्हणून गळ्यात मारलेली बाटली

2-पिरिडिल बोरॉनिक आम्लाचा पिनॅकॉल एस्टर (कार्बन-कार्बन बंध जोडायला वापरतात ते बोरॉनचे संयुग), 25 ग्रॅम, शुद्धता 98 टक्के, एवढे लेबलवर वाचून मी पूर्ण पैसे मोजले आणि पदरात खरा माल पडला तो सव्वादहा ग्रॅम.

बाटली उघडली त्याच क्षणी पिरिडिनचा माशासारखा उग्र दर्प नाकात शिरला होता. कार्बन-बोरॉन बंध तुटून त्याजागी हायड्रोजन बसला की या एस्टरचे पिरिडिनच होते, हे मी स्वतः इतरांना शिकवतो. तरीही शेजारच्या हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) कोणी काही सांडले असेल, अशी समजूत घालून मी झाकण लावले. त्या समजुतीची आजही लाज वाटते.

मी नवशिका नाही. फिनिलचा पिनॅकॉल एस्टर मी वर्षानुवर्षे साध्या बाटलीत ठेवला आहे, शुद्ध करताना सिलिकावरून सुखरूप उतरवला आहे. पिनॅकॉलचे चार मिथिल गट बोरॉनच्या रिकाम्या ऑर्बिटलकडे (इलेक्ट्रॉनसाठी मोकळ्या जागेकडे) येणारे पाणी बऱ्यापैकी अडवतात, कॅटेकॉल एस्टरला मात्र ते संरक्षण नसते. त्या विश्वासावरच मी फसलो, कारण 2-पिरिडिलमध्ये घात डायॉल (इथे पिनॅकॉल) करत नाही, बोरॉनलगतच्या कार्बनशेजारचा नायट्रोजन करतो. ओलावा लागून मोकळे झालेले आम्ल तटस्थ द्रावणात 70 अंश सेल्सिअसला एक मिनिटही अर्धे टिकत नाही. त्यासाठी आल्कलीचीही गरज पडत नाही.

दीड-दीड ग्रॅमच्या आठ सुझुकी अभिक्रिया (पॅलेडियमच्या मदतीने कार्बन-कार्बन बंध जोडणाऱ्या) वाया गेल्या. दर वेळी मी पॅलेडियमला, त्याला जोडलेल्या लिगंडला, स्वतःच्या हाताला दोष दिला. अखेरीस प्रोटॉन एनएमआर (रेणूतील हायड्रोजन मोजणारी चाचणी) घेतला, तर वलयातील एका हायड्रोजनमागे मिथिलचे 12 असायला हवेत तिथे 29 भरले, म्हणजे पिनॅकॉल जागेवर होते पण एस्टरचे वलय बरेचसे सुटून गेले होते, आणि बोरॉन एनएमआरमध्ये 30 पीपीएमच्या नेहमीच्या शिखराशेजारी 22 जवळ दुसरे, अधिक टोकदार शिखर उभे होते. मग बाटलीचे शुद्धतेचे प्रमाणपत्र पुन्हा काढले. त्यातला गॅस क्रोमॅटोग्रामचा (घटक एकामागून एक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचा) आलेख चौथ्या मिनिटापासून सुरू होत होता. पिरिडिन त्याआधीच बाहेर पडते. आलेख शून्यापासून नसेल तर प्रमाणपत्र परत पाठवा.

विक्रेत्याने कळवले की साठवण माझीच चुकली असणार. आमच्या खरेदी विभागाने त्याहून कडी केली: तक्रारीची मुदत माल मिळाल्यापासून 15 दिवस, तीही सीलबंद बाटलीसह. सील न तोडता आतला माल तपासायचा कसा, हे तीनदा लेखी विचारले. तिन्ही वेळा त्याच नियमाची प्रत आली. चौथ्यांदा समितीपुढे गेलो, तर समितीने तपासणीसाठी नमुना मागितला आणि तो कोणत्या पद्धतीने तपासला? त्याच, चौथ्या मिनिटापासून सुरू होणाऱ्या पद्धतीने. निकाल अर्थातच 98 टक्के.

या एस्टरची खरेदी करण्याआधी बोरॉन एनएमआर आणि तपासणीची तारीख मागा. शक्य असेल तर मिडा बोरोनेट (याच संयुगाचे अधिक टिकाऊ रूप) घ्या. त्यात मिडा गटाचा नायट्रोजन बोरॉनची रिकामी जागाच भरून टाकतो. वास आला तर नाकावर विश्वास ठेवा, लेबलवर नको.

उरलेले 13 ग्रॅम माझ्या हूडमध्ये पडून आहेत, आणि तोच लॉट क्रमांक त्याच प्रमाणपत्रासह अजूनही विकला जातो आहे.