अमरावतीहून रविवारचे ऐंशी किलोमीटर: तिवस्याचा महामार्ग की कौंडण्यपूरचा रस्ता?

रोड सायकलवर पन्नास किलोमीटरला पाय सरावले आणि रविवारी सकाळी त्यापेक्षा लांब जायचं ठरलं, की अमरावतीहून पूर्वेकडे जाणाऱ्या दोन वाटा समोर येतात. एक नागपूरकडचा राष्ट्रीय महामार्ग ५३: नांदगाव पेठ, गुरुकुंज मोझरी, तिवसा. दुसरी मार्डी, कुऱ्हा करत वर्धा नदीकाठी कौंडण्यपूरला पोहोचणारी. दोन्ही जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटरच्या आसपास भरतात. घाट कुठेच नाही. दोन्ही वर्धेच्या खोऱ्याकडे उतरत जातात, त्यामुळे जाताना हलकं आणि येताना जड, हे दोन्हीकडे सारखंच. माझी सायकल आता बहुतेक वेळा मार्डीकडेच वळते. पण महामार्ग वाईट आहे असं मात्र म्हणवत नाही.

सलग पेडल मारायची सवय लावायची असेल, तर महामार्गाला तोड नाही. चौपदरी रस्ता, मध्ये दुभाजक, पांढऱ्या पट्टीच्या बाहेर सायकलपुरती जागा. नांदगाव पेठचा टोलनाका आणि एमआयडीसीकडची वर्दळ मागे पडली की चढ लांब आणि मंद होतात. रस्ता बांधताना उंचवटे कापले, खोलगट भाग भरले, म्हणून एकदा गिअर लावून कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे, ८५-९० वर धरली की बराच वेळ हात लावावा लागत नाही. बीआरएमची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडची, तयारी करणाऱ्यांना हेच हवं असतं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात आणि त्यात थांबणंही धरलेलं असतं, तेव्हा न थांबता दोन तास एकाच जोरावर चालवता येणं महत्त्वाचं. थांबायला मोझरी सोयीची. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये उभारलेला गुरुकुंज आश्रम महामार्गालगतच आहे आणि आजूबाजूला चहा-नाश्ता मिळतो. ट्यूब संपल्या, कुणाच्या गुडघ्याने दगा दिला, तर परत यायला गाडी मिळणंही इथे सोपं.

ट्रकची भीती पुष्कळ जण बोलून दाखवतात. मला ती थोडी जास्तच वाटते. सरळ रेषेत चालणाऱ्या सायकलला ट्रकवाले सहसा जागा देतात, फक्त तो बाजूने गेल्यावर आधी ढकलणारा आणि मग ओढणारा वारा येतो, तेवढ्यापुरते हात ढिले ठेवून हँडल स्थिर धरायचं. खरी काळजी समोरून, म्हणजे आपल्याच पट्टीतून उलटे येणाऱ्या दुचाकींची आणि ढाब्यांसमोर उभ्या ट्रकची. ट्रकला वळसा घालताना पट्टी ओलांडावीच लागते. मागे पाहिल्याशिवाय ती ओलांडू नये.

माझा कौल फिरवला तो तारेने. ट्रकच्या रेडियल टायरमध्ये पोलादी तारांचे थर असतात. टायर फुटला किंवा रिमोल्डची, म्हणजे जुन्या टायरवर नव्याने चढवलेल्या रबराची, पट्टी सुटली की रबराच्या चिंध्या कडेला पडतात, रबर झिजत जातं आणि केसाएवढ्या बारीक तारा मोकळ्या होतात. गाड्यांच्या वाऱ्याने आणि पावसाच्या पाण्याने त्या नेमक्या पांढऱ्या पट्टीच्या बाहेर जमतात, म्हणजे जिथून सायकल जाते तिथेच. ओल्या रस्त्यावर रबर लवकर कापलं जातं, म्हणून पावसात हा त्रास वाढतो.

तार सेंटिमीटरभर लांब असते आणि टायरमध्ये उभी शिरते. हवा एकदम जात नाही, पाच-सात किलोमीटरवर मागचं चाक डोलायला लागतं तेव्हा कळतं. ट्यूब बदलताना टायर बाहेरून पाहिला तर काही दिसत नाही, आतून बोट फिरवलं तरी लागत नाही, कारण टायर सैल असताना तारेचं टोक आत दबलेलं असतं. नवी ट्यूब घालून हवा भरली, वजन पडलं, की तेच टोक रबरातून पुन्हा ट्यूबकडे येतं आणि दुसरी ट्यूबही जाते. दोन ट्यूब घेऊन निघालेला माणूस एकाच तारेपायी रस्त्यावर बसतो.

यावर उपाय आहे, फक्त तो घाईत होत नाही. टायर बसवतानाच त्यावरचं नाव व्हॉल्व्हसमोर येईल असं बसवायचं. पंक्चर झालं की ट्यूब बाहेर काढून हवा भरायची, ओठाजवळ फिरवून छिद्र शोधायचं आणि व्हॉल्व्हपासून ते किती वितीवर आहे ते पाहायचं. ट्यूब उलटीसुलटी झालेली असू शकते, म्हणून टायरवर व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना तेवढ्याच अंतरावर तपासायचं. आतून कापसाचा बोळा फिरवायचा, तार असेल तिथे त्याचे तंतू अडकतात. मग टायर तिथे बाहेरच्या बाजूला दुमडून टोक वर आणायचं आणि चिमट्याने किंवा नेलकटरने ओढून काढायचं. हे सगळं नीट केलं तर पंधरा-वीस मिनिटं जातात, तीही वाहत्या महामार्गाच्या कडेला उभं राहून.

मार्डी-कुऱ्हा रस्त्यावर पंक्चर होत नाही असं नाही. धुऱ्यावरच्या बाभळी आहेतच. पेरणीच्या आधी शेताची काटेरी कुंपणं दुरुस्त होतात, फांद्या रस्त्यावरून ओढत नेल्या जातात, तेव्हा जूनमध्ये काटे जास्त सापडतात. पण बाभळीचा काटा जाड असतो, बाहेरून दिसतो, बहुतेकदा टायरमध्येच मोडून अडकलेला मिळतो. टोकदार चाकूने काढा, ट्यूब बदला, निघा. शिवाय हे काम बाभळीच्या सावलीत होतं आणि एखादा शेतकरी "काय झालं भाऊ?" म्हणून विचारतोच. माझ्या अनुभवात तरी तारेच्या पंक्चरइतका वेळ काट्याने कधी खाल्ला नाही. ट्यूबलेस टायर असतील तर या मुद्द्याचं वजन कमी होतं, हे कबूल. तारेचं बारीक छिद्र टायरमध्ये घातलेल्या सीलंटने, म्हणजे छिद्र बुजवणाऱ्या द्रवाने, बहुधा बुजतं. मात्र विदर्भातल्या एप्रिल-मेच्या उन्हात सीलंट लवकर सुकतं, त्यामुळे २८ मिमी टायरमध्ये ३०-४० मिली घातलेलं असलं तरी उन्हाळ्यात सहा-आठ आठवड्यांनी उघडून पाहावं.

आता मार्डी रस्त्याचा स्वभाव. हा जमीन जशी आहे तसाच जातो. नाल्यात उतरतो, लगेच वर येतो, पुढच्या नाल्याला पुन्हा तेच. चढ दोन-चारशे मीटरचे, पण सारखे येत राहतात, त्यामुळे गिअर खूप बदलावे लागतात. पुढे ३४ आणि मागे २८ दातांपर्यंत असेल तर कुठे अडत नाही. अरुंद आहे, म्हणून लालपरी किंवा कापसाने भरलेला मेटॅडोर समोरून आला की बाजूला व्हावं लागतं. इथे एक गोष्ट जपायची: डांबराची कड आणि साइडपट्टी यांत काही ठिकाणी चांगली चार बोटं पायरी असते. वेग कमी करून सरळ खाली उतरायचं. वर येताना मात्र तिरकं चढायचा प्रयत्न करू नये. पुढचं चाक कडेला घासत राहतं आणि सायकल आडवी होते. थांबून उचलून ठेवलेली बरी.

गतिरोधक प्रत्येक गावाच्या दोन्ही टोकांना, आणि बहुतेकांवर पांढरा पट्टा नाही. गावाची शाळा किंवा बसथांबा दिसला की हात ब्रेकवर हवेत. सकाळी सात-आठच्या सुमारास म्हशी बाहेर पडतात, त्यांच्या मागून जावं, मधून नाही. सोयाबीन कापणीत, ऑक्टोबरच्या आसपास, ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती डांबरावर पडलेली असते. वर पाऊस झाला तर ती साबणासारखी निसरडी होते आणि रिम ब्रेकच्या फटीत अडकून चाक जाम करते, बोटाने खरवडल्याशिवाय सुटत नाही. भर पावसाळ्यात रपट्यांवर शेवाळ धरतं, तिथे ब्रेक न दाबता, हँडल न वळवता सरळ जायचं. जुलै-ऑगस्टमध्ये म्हणूनच मी कुणाला हा रस्ता आग्रहाने सांगणार नाही.

आणखी एक गोष्ट. शहराच्या या बाजूला, विद्यापीठाच्या परिसरात आणि दक्षिणेकडच्या पोहरा-मालखेड जंगलात बिबट्याचा वावर आहे. जानेवारीत सूर्य उगवायला सात वाजतात, तेव्हा अंधारात निघण्याची हौस असेल तर महामार्ग घ्यावा. मार्डीकडे उजाडल्यावरच.

वाऱ्याचा हिशेब दोन्हीकडे एकच असला तरी तो जाणवतो वेगवेगळा. थंडीत सकाळचा वारा बहुधा उत्तर-पूर्वेचा, म्हणजे जाताना तोंडावर आणि चढ येतो तेव्हा पाठीशी. मार्चनंतर तो पश्चिमेकडे फिरतो आणि परतीला चढ व वारा एकत्र भेटतात. उघड्या महामार्गावर अशा वेळी लपायला जागा नसते. मार्डी रस्त्यावर झाडं आणि वळणं वारा थोडा तोडतात. वेग तसाच कमी असतो, पण जीव कमी शिणतो, निदान माझा तरी.

टायरमधली हवा रस्त्याप्रमाणे बदलावी. सत्तर किलोच्या माणसाला २८ मिमी टायरमध्ये महामार्गावर पुढे ६५, मागे ७५ पीएसआय ठीक. मार्डीकडे दोन्हींत पाच-सात कमी ठेवली तर हातांना मुंग्या येत नाहीत. २५ मिमी टायर असेल तर महामार्गच बरा. पाणी दोन्हीकडे ७५० मिलीच्या दोन बाटल्या, पण मार्डी रस्त्यावर दोन्ही भरूनच कुऱ्हा सोडावं, कारण थंड बाटली आणि तर्री-पोहे मिळण्याची खात्री तिथपर्यंतच. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं, ते अख्खं एका बाटलीत टाकू नये.

ज्यांना अजून ठरवता येत नाही त्यांच्यासाठी तिवसा आणि कुऱ्हा जोडणारा रस्ता आहे. उजाडायच्या आत महामार्गाने तिवसा गाठायचं, तिथून कुऱ्ह्याला उतरायचं आणि मार्डीवरून घरी यायचं. यात कौंडण्यपूरचं रुक्मिणीचं देऊळ आणि नदी हुकते, पण सलग पेडल आणि नाल्यांचे चढ दोन्ही पायांना एकाच सकाळी कळतात. मात्र कुऱ्ह्याकडे वळण्याआधी तिवस्यात चहा होईपर्यंत दोन्ही टायर ओल्या फडक्याने पुसून, चाक हळूहळू फिरवत पाहून घ्यावेत. महामार्गावर शिरलेली तार तिथेच निघाली तर बरी. पुढे मार्डीपर्यंत सायकलच्या ट्यूबचं दुकान मिळेलच असं धरून चालू नये.